फुगलेलं दार अडकतं, आपोआप उघडत नाही

'सुताराला पैसे देऊ नका, बंद न राहणारं दार पाच मिनिटांत दुरुस्त करा' हा मेसेज सध्या कोल्हापुरात ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यात चार गोष्टी सांगितल्यात. पावसानं दार फुगलंय, लॅचच्या बाजूनं रंधा मारा. बिजागरीची पिन काढून हातोडीनं वाकवा. लॅचमध्ये खोबरेल तेल सोडा. तरीही दार उघडत राहिलं तर वास्तुदोष समजा. हे वाचून आमच्या मावशींनी शेजारून रंधा आणून ठेवलाय, म्हणून आता लिहायलाच हवं.

आधी रंध्याचंच बोलू, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, तासलेलं लाकूड परत येत नाही. फुगलेलं दार चौकटीत घासतं, अडकतं, ओढून लावावं लागतं. तुमचं दार सहज आत जातं आणि हात काढला की परत येतं, म्हणजे ते फुगलेलं नाही; लॅचची जीभ (दाराच्या कडेतून बाहेर येणारा खटका) चौकटीवरच्या धातूच्या पट्टीच्या भोकात बसत नाहीये. ही जीभ साधारण १० ते १२ मिमी बाहेर येते. दार आणि चौकटीत ३ मिमी फट असते. त्याच कडेनं आणखी ३ मिमी तासलंत की जिभेची पकड तेवढीच कमी झाली. म्हणजे ज्यासाठी रंधा मारला तेच आणखी बिघडलं. फ्लश डोअर (दोन्हीकडून सपाट दार) असेल तर कडेची लाकडी पट्टी पातळ होते, सनमायकाची कड उडते.

पावसाळ्यात लाकूड फुगतं एवढं मात्र खरं. पण किती आणि कुठं? अमेरिकेतल्या सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या 'वुड हँडबुक'मध्ये आकडे आहेत : ओलं सागवान पूर्ण सुकेपर्यंत आडव्या अंगानं जास्तीत जास्त ५.८ टक्के आकसतं. लांबीत लाकूड साधारणपणे ०.१ ते ०.२ टक्केच. पॅनेलच्या दाराला दोन्ही बाजूंना चार-चार इंची उभ्या पट्ट्या असतात. लाकडातली ओल पाच टक्क्यांनी वाढली तरी त्या दोन्ही मिळून २ मिमीच्या आसपास फुगतील. उंचीत फरक जवळजवळ नाहीच. म्हणून दार खाली फरशीला घासत असेल तर पावसाला दोष देऊ नका, वरची बिजागरी बघा. खरोखरच कडेनं अडकत असेल, तर दिवाळीनंतर लाकूड सुकू द्या, मग बघा. ऑगस्टमध्ये तासलेल्या दाराची फट जानेवारीत आणखी मोठी दिसते.

खरा दोष शोधायला कुंकू पुरतं. जिभेला ओलं कुंकू लावा, दार हलकेच लावा, उघडा आणि पट्टीवर डाग कुठं पडला ते पाहा.

डाग भोकाच्या खाली पडला, तर दार लोंबलंय. दार अर्धं उघडून मुठीला धरून वर उचला. वरची बिजागरी चौकटीवर हलताना दिसेल. बहुतेक ठिकाणी तिथं एक इंची स्क्रू असतात, तेही हातोडीनं ठोकलेले, त्यामुळं लाकडात आटे धरलेलेच नसतात. दाराखाली पाचर द्या. एकावेळी एकच स्क्रू काढा, भोकात फेव्हिकॉल लावलेल्या आगकाड्या गच्च भरा, रात्रभर वाळू द्या. मग ३ मिमीचं भोक पाडून आठ नंबरचा दोन इंची स्क्रू स्क्रूड्रायव्हरनं पिळा. लोखंडी किंवा ग्रॅनाइटच्या चौकटीला हे लागू नाही. बिजागरी घट्ट असूनही डाग एक-दोन मिमी चुकत असेल, तर पट्टीचं भोक कानशीनं तेवढं वाढवा. त्याहून जास्त असेल तर पट्टीच सरकवा.

डाग बरोबर भोकावर आहे, तरी जीभ धरत नाही? पट्टी काढून मागं बघा. रंग आणि भुसा साचलेला असतो, किंवा खड्डाच उथळ असतो. पटाशीनं १५ मिमी खोल करा. फट मोठी असल्यानं जीभ पोचत नसेल, तर बिजागऱ्यांमागं पातळ पुठ्ठा घाला. दार लॅचकडं सरकतं. शेवटच्या इंचाला दार स्प्रिंगसारखं मागं येत असेल, तर बिजागरी जास्त खोल बसलीय किंवा स्क्रूची डोकी वर आलीत. खोल बसलेल्या बिजागरीलाही पुठ्ठाच, डोकी वर असतील तर स्क्रू नीट बसवा.

पिन वाकवण्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. लॅच नसलेलं, झुलणारं हलकं दार त्यानं जागच्या जागी थांबतं. पण पिन निघणारी हवी. आपल्याकडच्या साध्या लोखंडी बिजागऱ्यांची पिन दोन्हीकडून ठोकून बसवलेली असते. ती काढायला गेलात तर बिजागरीच वाकेल. त्यापेक्षा मॅग्नेट कॅच (दार धरून ठेवणारं लोहचुंबक) लावा.

वास्तुदोषाचं उत्तर ओळंबा (उभं सरळ आहे का ते दाखवणारी वजन बांधलेली दोरी) देतो. बिजागरीच्या बाजूची चौकट ओळंब्यात नसेल, तर मोकळं दार उताराकडं जाणारच. लॅच नीट धरला की ते कुठं जात नाही.

आणि खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. कोल्हापुरातल्या थंडीच्या रात्री पारा त्याच्या बराच खाली असतो. त्यात धूळ धरली की जीभ आतच अडकून राहते. तेल सोडलं असेल तर लॅच काढून रॉकेलनं धुवा, वाळवा आणि पेन्सिलच्या शिशाची भुकटी घाला.