महिलांची यूएस ओपन ‘सोपी’ म्हणणाऱ्यांना

एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला: आधी चेंबूरच्या आमच्या सोसायटीच्या, मग माहेरच्या, शेवटी शाळेतल्या मैत्रिणींच्या. मजकूर थोडक्यात असा: महिलांची गोल्फची यूएस ओपन म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेची सोपी आवृत्ती. मैदान जवळपास हजार यार्डांनी लहान, अंगमेहनत नाही, तरी बक्षिसाला शंभर कोटी रुपये, तेही पुरुषांच्या जिवावर. आपल्या मुलींनी या श्रीमंती खेळाच्या नादी लागू नये.

माझ्या बाबांनी तीस वर्षं चेंबूरच्या गोल्फ मैदानावर कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या बॅगा वाहिल्या. हा खेळ मला त्यांच्यामुळे कळला. त्यामुळे तो मेसेज वाचून सोडून देणं मला जमलं नाही.

मैदानापासून सुरुवात करते, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे. बाबा म्हणायचे, अंतर टीपासून (पहिला फटका मारायच्या जागेपासून) मोजू नकोस, झेंड्यापासून (चेंडू घालायच्या होलपासून) उलटं मोज. दुसऱ्या फटक्याला हातात कुठली काठी येते ते बघ. आठ नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी काठी, आली तर चेंडू उंच जाऊन ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बसतो. चार नंबरची आली तर तो सपाट येतो, घरंगळतो आणि मागच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, जातो. म्हणजे मैदान किती यार्डांचं आहे हे एकटं काही सांगत नाही. खेळणाऱ्याचा पहिला फटका किती लांब जातो, ते शेजारी ठेवून बघावं लागतं.

हे ताडून बघायची संधी २०१४ साली मिळाली. नॉर्थ कॅरोलिनातल्या पाइनहर्स्टच्या दोन नंबरच्या कोर्सवर त्या जूनमध्ये आधी पुरुषांची आणि लगेच पुढच्या आठवड्यात महिलांची यूएस ओपन झाली. गवत तेच, उलट्या ठेवलेल्या बशीसारखी ग्रीन्स तीच, पार, म्हणजे एका फेरीचे अपेक्षित फटके, दोघांनाही ७०. पुरुषांसाठी मैदान ७,५६२ यार्डांचं होतं, महिलांसाठी ६,६४९. महिलांचं मैदान पुरुषांच्या सुमारे ८८ टक्के भरतं. त्या काळात पुरुषांच्या टूरवर ड्राइव्हची, म्हणजे पहिल्या लांब फटक्याची, सरासरी २९० यार्डांच्या आसपास होती, महिलांच्या टूरवर २५० च्या. हे प्रमाण ८६ टक्के. दोन्ही स्पर्धा भरवणाऱ्या यूएसजीए या अमेरिकी गोल्फ संघटनेने मुद्दाम अशीच आखणी केली होती, की दुसऱ्या फटक्याला दोघांच्याही हातात साधारण सारखीच काठी यावी. मग ‘लहान मैदान’ उरलं कुठे?

निकालही बघा. पुरुषांमध्ये चार दिवसांनंतर पारच्या खाली, म्हणजे पारपेक्षा कमी फटक्यांत, तिघे होते, मार्टिन कायमर नऊने आणि आणखी दोघे एकेकाने. महिलांमध्ये पारच्या खाली राहिली फक्त एकजण, मिशेल वी, दोनने. शेवटच्या दिवशी सोळाव्या होलवर तिचे दोन फटके जास्त गेले आणि आघाडी एकावर आली. सतराव्यावर ही सहा फुटी मुलगी कमरेतून काटकोनात वाकून, पाठ टेबलासारखी सपाट करून उभी राहिली आणि तिने लांबलचक पट, म्हणजे ग्रीनवरून होलकडे ढकलायचा फटका, घातला. तो पट मी आजही कितीदा बघते. खांदे हलतात, बाकी काही हलत नाही.

एकाच वर्षाचं उदाहरण पुरेसं वाटत नसेल, तर लँकेस्टरला झालेली २०२४ ची महिलांची यूएस ओपन घ्या. नेली कोर्डा तिथे आली ती आधीच्या सात स्पर्धांपैकी सहा जिंकून. पहिल्याच दिवशी बाराव्या होलवर, पार ३, जेमतेम १६० यार्ड, तिचा चेंडू मागच्या बंकरमध्ये गेला. बंकरमधला फटका ग्रीन ओलांडून पुढच्या ओढ्यात गेला. पलीकडून मारलेले आणखी दोन चेंडू उतारावरून परत पाण्यात. पाण्यात गेलेल्या प्रत्येक चेंडूला एक फटका दंड धरून एका होलवर दहा फटके, दिवसाचे ८०, आणि दोन दिवसांत ती स्पर्धेबाहेर. जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूची ही गत झाली. युका सासो जिंकली ती पारच्या खाली चारने, आणि तिच्याखेरीज पारच्या खाली फक्त हिनाको शिबुनो राहिली. यातलं सोपं काय, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

आता अंगमेहनत. अठरा होल म्हणजे सात-आठ किलोमीटर चाल, चढउतारासकट, चार दिवस. तरीही मी इथे आकड्यांपेक्षा माणसांकडे बोट दाखवीन. बेब झहारियास. १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये भालाफेक आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण मिळवलेली ही बाई पुढे गोल्फकडे वळली. १९५३ च्या एप्रिलमध्ये तिच्यावर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, पोटाला कायमची पिशवी लागली. पुढच्याच वर्षी तिने मॅसॅच्युसेट्समधली यूएस ओपन बारा फटक्यांनी जिंकली. शेवटच्या एका दिवसात तेव्हा छत्तीस होल खेळावे लागत. १९५६ मध्ये ती गेली. ‘अंगमेहनत नाही’ हे वाक्य मला तिच्यासाठी फार लागलं.

आणि १९९८ च्या याच स्पर्धेतली कोरियाची से री पाक. वीस वर्षांची. ७२ होलनंतर बरोबरी, मग आणखी १८ होलचा प्लेऑफ. त्यातल्या शेवटच्या होलवर तिचा चेंडू पाण्याच्या अगदी काठावर, उतारावरच्या गवतात अडकला. तिने बूट काढले, मोजे काढले आणि पाण्यात उतरली. मोज्यांच्या रेषेच्या वर पोटऱ्या उन्हाने काळवंडलेल्या, खाली पावलं पांढरीफटक. किती वर्षांचं ऊन ते! तिथून तिने चेंडू बाहेर काढला, पुन्हा बरोबरी झाली, आणि आणखी दोन होल खेळून ती जिंकली. एकूण ९२ होल. कोरिया तेव्हा आर्थिक संकटात होता आणि लोक टीव्हीपुढे बसून हे बघत होते. ते बघून हातात काठी घेतलेल्या पोरींपैकी इनबी पार्क दहा वर्षांनी, एकोणिसाव्या वर्षी, हीच स्पर्धा जिंकली.

पैशांचं थोडक्यात सांगते. २०२४ ला एकूण बक्षीस १ कोटी २० लाख डॉलर होतं, म्हणजे शंभर कोटी रुपयांच्या घरात. पुरुषांचं २ कोटी १५ लाख. यूएसजीएची मोठी कमाई पुरुषांच्या ओपनमधून होते, हे मी नाकारत नाही. त्याच कमाईतून मुलांच्या आणि हौशी पुरुषांच्या स्पर्धाही चालतात, त्यांना कुणी खिरापत म्हणत नाही. शिवाय महिलांची ही स्पर्धा यूएसजीएने सुरू केलेलीच नाही. १९४६ मध्ये स्पोकेनला पहिली स्पर्धा भरली ती व्यावसायिक महिला गोल्फरांच्या स्वतःच्या संघटनेची, आणि पॅटी बर्गला बक्षीस मिळालं ते युद्धरोख्यांत. १९५० मध्ये तेरा जणींनी एलपीजीए ही नवी संघटना स्थापन केली. मैदान आखायचं त्यांनीच, नियमांचे निवाडे करायचे त्यांनीच, खेळायचंही त्यांनीच. यूएसजीए आली १९५३ मध्ये. घर आधीच उभं होतं.

राहिल्या ‘आपल्या मुली’. ७ ऑगस्ट २०२१ ची सकाळ आठवा. त्या संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्ण जिंकलं म्हणून सकाळ विसरली गेली. बंगळुरूची अदिती अशोक टोकियोत पदकाच्या तोंडाशी होती आणि मुंबईत लोक एकमेकांना बोगी म्हणजे काय ते विचारत होते. त्याआधी तिला कोविड होऊन गेला होता, फटक्याची लांबी घटली होती. अंतरात ती मागे पडत होती आणि पटिंगवर भरून काढत होती. एका फटक्याने कांस्य हुकलं, चौथी आली. तिची बॅग होती तिच्या आईच्या खांद्यावर. बाबांनी ते बघून टीव्हीचा आवाज बंद केला आणि नुसते बघत राहिले. कर्णबधिर असूनही खेळणारी दीक्षा डागरही त्याच ऑलिम्पिकमध्ये होती.

आणि श्रीमंती खेळ? मैदान महाग आहे, सदस्यत्व तर आमच्या आवाक्याबाहेरचं, हे खरं. पण चेंबूरच्या गल्ल्यांत कॅडींची पोरं बांधकामाची सळई वाकवून, प्लास्टिकच्या चेंडूने गोल्फ खेळत आली आहेत. आमच्या मागच्या गल्लीत आता दोन मुलीही खेळतात. धाकटीने परवा विचारलं, ताई, एका होलवर दहा कसे होतात गं? गल्ली गटाराकडे उतरती आहे. मी चेंडू वरच्या भिंतीशी ठेवला, खडूच्या गोलाकडे मारायला सांगितलं. चेंडू गोल ओलांडून गटारात गेला. तिने तो काढला, फ्रॉकला पुसला, खालच्या बाजूला ठेवून वर मारला. तो परत घरंगळत गटारातच आला. ‘चार झाले,’ ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.