उरलेला रस्सा प्लास्टिकमध्ये ठेवू नका

आषाढ आला की कोल्हापुरात घरोघरी मटणाची पातेली चढतात. पी ढबाक वाद्यांच्या तालावर पंचगंगेचं नवं पाणी त्र्यंबोली देवीला जातं, पैपाहुणे जेवून जातात आणि रात्री ओट्यावर अर्धं पातेलं रस्सा उरतो. मग शोधाशोध होते ती श्रीखंडाच्या, आइस्क्रीमच्या जपून ठेवलेल्या डब्यांची. मंडळी, हे थांबवा. कळकळीनं सांगतोय.

तांबडा रस्सा ठेवलेला प्लास्टिकचा डबा दुसऱ्या दिवशी नीट बघा. कितीही घासला तरी लालसर डाग जात नाही, मसाल्याचा वास जात नाही. मिरचीचा रंग तेलात विरघळतो आणि ते तेल प्लास्टिकमध्ये मुरतं. उलट्या बाजूनंही तेच होतं. प्लास्टिकमध्ये मिसळलेली रसायनं थोडीथोडी अन्नात उतरतात आणि अन्न जेवढं गरम, जेवढं तेलकट, तेवढी ती जास्त उतरतात. आपल्या रश्श्यात तर दोन्ही आलं! श्रीखंडाचा डबा गार श्रीखंडासाठी केलेला असतो, उकळत्या कटासाठी नाही.

यासाठी बाजारात जाऊन काही आणायची गरज नाही. मेण लावलेली कापडं, बांबूचे महागडे डबे विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा प्रत्येक घरात आहे. डबा नसेल तर पातेल्यावर ताटली पालथी घाला, काम झालं. पितळेच्या भांड्यात मात्र आमटी-रस्सा ठेवायचा तर आतली कल्हई शाबूत पाहिजे, आणि चिंच-टोमॅटोचं आंबट ॲल्युमिनियममध्ये ठेवूच नये. काचेच्या बरणीत गरम ओतून लगेच फ्रिजमध्ये ठेवली तर तडकते. स्टीलच्या डब्यात काय आहे ते बाहेरून दिसत नाही, ही तक्रार खरी आहे. आमच्या घरी झाकणावर खडूनं पदार्थ आणि वार लिहितात.

भाकरीचं म्हणाल तर दुरडीत सुती फडकं घालून ठेवलेली भाकरी सकाळी कुस्करायला कशी कोरडी, मोकळी राहते! पिशवीत बांधली की तिला घाम सुटतो, पावसाळ्यात तर लगेच बुरा चढतो.

पण भांडं बदललं म्हणजे अन्न टिकलं असं नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. मोठं पातेलं मध्यभागी कितीतरी वेळ गरम राहतं, म्हणून रस्सा दोन-तीन पसरट भांड्यांत काढा, ती भांडी परातीतल्या गार पाण्यात ठेवा आणि अधूनमधून ढवळा. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतं, तो लवकर नासतो, म्हणून आधी त्याची सोय लावा. दुसऱ्या दिवशी तो मंद आचेवर ढवळत, चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. भडक्या गॅसवर फाटतो.

आणि भात. सकाळी फोडणीचा भात करायचा म्हणून रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायची सवय घराघरात आहे, ती मोडायला हवी. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. उबेत ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष फोडणी देऊनही जात नाही. भात रात्रीच फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ मध्ये आली, देशात एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून. तरीही हॉटेलातून पार्सल घेतलं की उकळता रस्सा पातळ पिशवीत गाठ मारून हातात येतो, आणि त्यातल्या किती पिशव्या पावसात वाहत जयंती नाल्यातून पंचगंगेत जातात! एका ठिकाणी मी किटली पुढे केली, तर "पार्सल पिशवीतच मिळेल" असं उत्तर आलं. याच कोल्हापुरात माणसं दुधाच्या कट्ट्यावर, म्हणजे समोर म्हशीची धार काढून दूध देतात तिथं, किटली घेऊन जात आली आहेत. हॉटेलवाल्यांनी एक मापाचा डाव ठेवावा आणि गिऱ्हाइकाच्या भांड्यात मापून रस्सा द्यावा. पिशवीचे पैसे त्यांचेच वाचतील.

शेजारी किंवा लेकीकडे रस्सा पाठवायचा तर अनेकजण म्हणतात, स्टीलचा डबा परत येत नाही, म्हणून प्लास्टिकमध्ये देतो. आपल्या आज्यांनी याची सोय कधीच करून ठेवली आहे. माळ्यावरची भांडी काढून बघा, प्रत्येकावर नाव कोरलेलं सापडेल. भांड्यांच्या दुकानात आजही नाव घालून देतात. यंदा आषाढाच्या आधी चार डब्यांवर तेवढं नाव घालून घ्या.