कोठीभर जागा

आमच्या कन्येला एकाच आठवड्यात मुंबई आणि चेन्नई अशा दोन्ही शहरांतून नोकरीची पत्रे आली आणि लातूरमधील आमच्या तीन खोल्यांच्या घरात समुद्रकाठच्या फ्लॅटचे दर या विषयावर अखंड हरिनाम सप्ताहासारखी चर्चा सुरू झाली. भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा हप्त्यात घालावेत, असा सल्ला ज्यांनी ज्यांनी दिला, ते सर्वजण वडिलोपार्जित वाड्यात राहणारे होते, ही गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. निवृत्तीनंतर माझ्याकडे वेळ आणि कोऱ्या वह्या या दोनच गोष्टी मुबलक उरल्या असल्याने मी एका पानाच्या मधोमध रेघ मारली, डावीकडे मुंबई लिहिले, उजवीकडे चेन्नई लिहिले आणि तिथेच अडलो.

अडचण मापाची होती. आम्ही जागा गुंठ्यात मोजणारी माणसे. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. चेन्नईत जमीन ‘ग्राउंड’मध्ये मोजतात आणि एक ग्राउंड 2400 चौरस फुटांचे असते. मुंबईत जमीन मोजण्याचा प्रसंग सामान्य माणसावर सहसा येत नाही. यावर तोडगा सौभाग्यवतींनी काढला. त्या म्हणाल्या, “अहो, फूटबिट राहू द्या. आपली कोठी कुठं बसंल तेवढं बघा.”

ही कोठी म्हणजे जस्ती पत्र्याची, अडीच फूट व्यासाची, चार पोती ज्वारी पोटात घेऊन वर्षभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी राहणारी आमच्या घरातील सर्वांत वजनदार व्यक्ती होय. कन्या जिथे जाईल तिथे ही कोठी जाणार, हे तिला नोकरी लागण्यापूर्वीच ठरलेले होते. कन्येला ते अर्थातच कोणी विचारले नव्हते.

रात्रीच्या गाडीने आम्ही प्रथम मुंबई गाठली. डोंबिवलीचे मेव्हणे सोबत आले आणि एजंटाने आम्हाला कांदिवलीत सतराव्या मजल्यावर नेले. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर कित्येक महिने अंगणात पत्र्याखाली झोपलेल्या बाईला सतरावा मजला दाखवण्यात काही औचित्य नव्हते; त्यांनी खिडकीकडे पाठ केली ती शेवटपर्यंत. घर चारशे चौरस फूट कार्पेटचे होते आणि किंमत एक कोटी दहा लाख होती. एजंट ‘डेक’, ‘लॉबी’, ‘क्लब हाउस’ असे शब्द उच्चारत असताना सौभाग्यवतींनी पिशवीतून सुतळी काढली. कोठीच्या घेराएवढी ती घरूनच मापून कापून आणलेली होती. चकचकीत फरशीवर त्यांनी तिचा गोल मांडला. ओट्यापाशी मांडला, तर फ्रिजचे दार उघडेना. तिथून सरकवला, तर न्हाणीघराचे दार अडले. आणि ज्या एका जागी तो निर्वेध मावला, तिथे आम्ही पाचजण उभे होतो.

एजंट अत्यंत नम्रपणे म्हणाला, “काकू, इथे लोक दोन-दोन किलो मागवतात.”

काकूंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने आमच्याकडे फक्त भाकरी करपवणाऱ्या सुनेकडे पाहिले जाते.

परतीच्या गाडीत मी हिशेब केला. फुटाला 27,500 रुपये दराने कोठीच्या अडीच बाय अडीच जागेची किंमत 1,71,875 रुपये होत होती आणि आतील ज्वारी सोळा हजारांचीही नव्हती. खरेदी मुलीच्या नावावर केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे सहाऐवजी पाच टक्के. पण पाच टक्के झाले, तरी साडेपाच लाख. एवढ्या पैशांत आमच्या चुलत्यांनी एकेकाळी शेत घेतले होते, विहिरीसकट.

तरीही मुंबईचे पारडे हलके नव्हते. मेव्हण्यांनी सांगितले, “दाजी, इथं आपली माणसं हायेत.” हे अगदी खरे आहे आणि हाच त्या शहराचा दोषही आहे. मंत्रालयातील काम, परळची इस्पितळे, भरतीच्या परीक्षा, यांसाठी मराठवाड्यातून निघालेला प्रत्येकजण त्या चारशे चौरस फुटांत मुक्कामाला येणार आणि ‘जागा लहान असली तरी मन मोठं पाहिजे’ असे सुनावून जाणार. चेन्नईला फुकट मुक्काम करण्याच्या इराद्याने आमच्या सात पिढ्यांत कोणी गेलेले नाही. हा मुद्दा मी उजव्या रकान्यात लाल शाईने लिहिला.

सोलापूरहून गाडी पकडून आम्ही चेन्नईला उतरलो, तेव्हा मे महिना होता. आमच्याकडे बेचाळीस अंशांतही घाम वाळतो. तिथे अडतिसात तो अंगावरच मुक्काम करतो. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर शोळिंगनल्लूरला नऊशे फुटांचा फ्लॅट त्रेसष्ट लाखांना होता. त्यात जिने-व्हरांडे धरलेले असले, तरी सुतळी एका फटक्यात बसली. शिवाय इमारतीखालच्या जमिनीचा अविभाजित हिस्सा म्हणून चारशे फूट कन्येच्या नावे होणार होते. म्हणजे मुंबईचे अख्खे घर जेवढे, तेवढी इथे केवळ डोळ्यांना न दिसणारी जमीन! ज्याने घर दाखवले त्याला मराठी येत नव्हते, आम्हाला तमिळ येत नव्हते, त्यामुळे व्यवहार मोठ्या सलोख्याने चालला होता. मुद्रांक शुल्क सात टक्के आणि नोंदणी वेगळी, हे त्याने बोटांवर दाखवले, तेव्हा सलोखा जरा कमी झाला.

मग मी पाण्याचे विचारले. लातूरच्या माणसाने घर पाहताना तो प्रश्न शेवटी विचारावा, हेच मुळात आश्चर्य. 2016 साली आमच्या मांजरा धरणाने तळ दाखवला, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. घर दाखवणाऱ्याने माझे ‘लातूर’ ऐकले आणि त्याचा चेहरा उजळला. 2019 च्या जुलैत त्यांच्याही शहरात जोलारपेट्टैहून गाडीने पाणी आले होते, एका खेपेत पंचवीस लाख लिटर. समोर बंगालचा उपसागर पसरलेला असताना घागर घेऊन रांगेत उभे राहणे, हे आम्हालाही साधलेले नाही. आम्ही दोघांनी हस्तांदोलन केले. एवढा जिव्हाळा मला डोंबिवलीतही लाभला नव्हता.

घर मात्र घेतले नाही. दोन्ही रकाने भरल्यावर मी खाली एक ओळ लिहिली, ‘आपल्याकडील शिल्लक’, आणि तिच्यासमोरील आकडा पाहून कन्या म्हणाली, “बाबा, मी भाड्यानं राहते.” चेन्नईच्या वेळचेरीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. घरमालकांनी दहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागितले. वेगळा करार नसेल, तर तिथला नवा कायदा तीन महिन्यांपेक्षा अधिक अनामत घेऊ देत नाही, हे मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि दहाचे सहा केले.

कोठी नंतर डाळीच्या ट्रकमधून गेली. लातूरची तूरडाळ तिकडे जातेच. सांबार काही हवेतून होत नाही. पण दमट हवेत दोन महिन्यांत ज्वारीला टोके पडले, तीन पोती रखवालदाराच्या कोंबड्यांना गेली आणि रिकाम्या कोठीची रवानगी खाली पार्किंगमध्ये झाली. कन्येकडे गाडी नाही, जागा आहे. तिथे फक्त वाहने ठेवावीत, अशी सोसायटीची नोटीस आली, तेव्हा कोठीला चाके लावावीत का, यावर सौभाग्यवती गंभीरपणे विचार करू लागल्या.

परवा रात्री कन्येचा फोन आला. टँकर दोन दिवस आला नव्हता.

“बाबा, आपली कोठी खालून गळते का हो?”

“नाही,” मी म्हणालो, “2016 साली पूर्ण उन्हाळा ती पाण्यानेच भरलेली होती. आतून एकदा चिंचेने घासून घे.”