१९६२ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

१९६२च्या भारत-चीन युद्धाच्या दोषाचा मोठा वाटा दिल्लीच्या धोरणांकडेही जातो, असं मांडणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप असे: लडाखच्या अक्साई चीन भागात चीनने बांधलेल्या रस्त्यावर मी दोनच ओळी लिहिल्या, तिबेटचं नाव घेतलं नाही, ईशान्य सीमेवरची (आजच्या अरुणाचलातली) वालाँगची लढाई एका वाक्यात उरकली. आणि शेवटी हे वाक्य: ‘मॅडम, एसीत बसून चीनची वकिली करणं सोपं असतं. ज्यांच्या घरातलं माणूस सीमेवर गेलं त्यांना विचारा.’

वालाँगचं मान्य. कुमाऊँ, शीख, गुरखा आणि डोगरा पलटणी तिथे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ज्या जिद्दीने लढल्या, ती एका वाक्यात मावणारी गोष्ट नाही. त्यावर वेगळं लिहीन.

पण ते शेवटचं वाक्य मी सोडून देणार नाही. कोणाला विचारू म्हणता? माझे सख्खे मामा त्या वर्षी ईशान्य सीमेवर सातव्या ब्रिगेडबरोबर सिग्नल्समध्ये (लष्कराच्या संदेश-दळणवळण विभागात) होते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी ‘बेपत्ता’ अशी तार आली तेव्हा माझी आई शाळेत जात होती. रेडक्रॉसमार्फत पत्र येईपर्यंत आजीने कुंकू पुसू नकोस म्हणून मामीला शपथ घातली होती. मामा १९६३च्या उन्हाळ्यात तिबेटमधल्या कैदेतून सुटून आले. त्यांची ब्रिगेड जिथे मोडली त्या नामका चू नदीचं वर्णन लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकत मी मोठी झाले. तुम्ही माझी खोली पाहिलेली नाही, माझं घर तर नाहीच. मग कशाच्या जोरावर हे लिहिलंत?

मामा काय सांगायचे तेही ऐका. आपण दरीच्या तळाशी नदीकाठी, चिनी वर थागला डोंगराच्या धारेवर. आपली चूल पेटली की वरून त्यांना दिसायची. अंगावर सुती गणवेश, पायात कॅनव्हासचे बूट, माणशी पन्नास गोळ्या. विमानातून जवळच्या साँगधर या ठिकाणी टाकलेल्या सामानातलं कितीतरी दऱ्यांत जायचं. अशा ब्रिगेडला सप्टेंबरमध्ये हुकूम मिळाला की थागलावरून चिन्यांना हुसकून लावा. १२ ऑक्टोबरला सिलोनला निघालेल्या नेहरूंनी विमानतळावर पत्रकारांनाही सांगून टाकलं की आपला प्रदेश मोकळा करण्याचा आदेश सैन्याला दिलेला आहे. त्या आघाडीचे प्रमुख, कोअर कमांडर जनरल कौल आजारी पडून दिल्लीला गेले आणि अंथरुणावरून हुकूम देत राहिले. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला. काही तासांत ब्रिगेड मोडली आणि दोन दिवसांनी ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर दळवी स्वतः कैद झाले.

मामांनी चीनला कधीही माफ केलं नाही. पण त्यांचा आवाज चढायचा तो ज्यांनी त्यांना तिथे उतरवलं त्यांच्याबद्दल बोलताना. त्यांनाही चीनचे वकील म्हणाल का? म्हणून दाखवा.

आणि हे फक्त माझ्या मामांचं म्हणणं नाही. १९६३मध्ये लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी आपल्याच लष्करासाठी चौकशी अहवाल लिहिला. भगत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले अधिकारी. सरकारने तो अहवाल आजही खुला केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४मध्ये इंटरनेटवर आला. पुरेसं बळ नसताना पुढे चौक्या रोवण्याचं धोरण रेटलं गेलं, हे त्यातच आहे. मी त्याच्यापुढे जाऊन काही लिहिलेलं नाही. २० ऑक्टोबरचा हल्ला पूर्वतयारीने केलेला होता आणि तो चीनने केला, हेही माझ्या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलं होतं ना?

महाराष्ट्रात आपण १९६२ सुरूच करतो ते नोव्हेंबरपासून. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले, त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला निघाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. यशवंतरावांबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण आधीच्या आठ वर्षांचं काय? जुलै १९५४मध्ये नेहरूंनी जुने नकाशे मागे घेऊन उत्तर सीमा पक्की दाखवायला सांगितली. अक्साई चीनच्या बाजूला त्याआधीच्या नकाशांवर सीमा अनिश्चित असल्याची नोंद होती. एप्रिल १९६०मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय सीमेबद्दल बोलायला दिल्लीत येऊन रिकाम्या हाताने परतले, आणि नोव्हेंबर १९६१मध्ये चौक्या रोवत पुढे सरकण्याचा निर्णय झाला. हे सगळं आपल्या बाजूने घडलेलं आहे. ते सांगितलं की माणूस देशद्रोही ठरत असेल, तर इतिहास कोणी लिहायचाच नाही.

रस्त्याबद्दल: तो १९५७मध्ये पुरा झाला आणि आपण १९५८मध्ये निषेध नोंदवला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर पानं भरायची मला गरज वाटली नाही. तिबेट हा प्रचंड मोठा विषय आहे आणि माझा लेख त्यावर नव्हता. सगळंच एका लेखात हवं असेल तर तुम्ही स्वतः लिहा, मी जरूर वाचेन.

तुमच्या प्रतिक्रियेत चार वाक्यं होती. त्यातली तीन सभ्य होती, म्हणून हे उत्तर लिहिलं. पुढच्या वेळी मुद्दा काढा, तारीख काढा, दस्तऐवज काढा, मी तुमच्याशी रात्रभर वाद घालेन. पण माझ्या घरच्या लोकांनी काय सोसलं, हे न विचारता पुन्हा ‘वकिली’ हा शब्द वापरलात, तर ती प्रतिक्रिया मी इथे ठेवणार नाही.