रांगत गरवणं

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये जून महिन्यात ४५ अंश तापमान म्हणजे बोलायचासुद्धा विषय नसतो. अशा गावात राहून मी "रविवारी ट्राउट धरायला चाललोय" म्हणालो, तेव्हा ऑफिसातल्या नागपूरकराने काळजीने विचारलं, "पाणी-बिणी पितोस ना नीट?"

ट्राउट म्हणजे थंड पाण्याचा, काश्मीर-हिमाचलकडचा मासा, हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण फिनिक्सहून पूर्वेकडे चारेक तास गाडी हाणली की निवडुंग संपतात, पाइनची झाडं सुरू होतात आणि व्हाइट माउंटन्स लागतात. त्यातला माउंट बाल्डी ११,००० फुटांहून उंच. त्याच्या अंगाखांद्यावरून जे ओढे उतरतात त्यांत अपाची ट्राउट राहतो. तो मूळचा तिथलाच, जगात दुसरीकडे कुठलाही नाही.

मला या भानगडीत ओढलं शेजारच्या आजोबांनी. आजोबा मी मनातल्या मनात म्हणतो. तोंडावर त्यांना नावाने हाक मारावी लागते आणि इतक्या वर्षांनीही ती मारताना माझी जीभ अडखळते. मी देवगडचा, घरात तिन्ही त्रिकाळ मासे, हे कळल्यावर त्यांनी मला जन्मजात कोळी ठरवून टाकलं. आमच्याकडे गरवायला जाणं म्हणजे दोरा, गरी, चार कोळंब्या आणि बूड टेकायला धक्का. मुख्य काम बसणं. मासा लागला तर लागला, नाहीतर गप्पा झाल्याच. एवढ्या शिदोरीवर मी "येतो की" म्हणालो.

आजोबांनी आधी ऑनलाइन लायसन्स काढायला लावलं. (अपाची ही तिथली मूळ रहिवासी जमात; त्यांच्या राखीव हद्दीत गेलात तर जमातीचा परवाना आणखी वेगळा.) मग ७ फुटी बारकासा रॉड दिला आणि पिसं-केस गुंडाळून केलेल्या खोट्या माश्यांची एक डबी. या माशीच्या गरीला उलटा काटा नसतो, तसा नियमच आहे त्या पट्ट्यात. म्हणजे मासा सहज सुटावा अशी सोय आपणच करून जायचं.

ओढा बघून मी आधी हसलो. दोन ढांगांत पलीकडे. पण तो नीट बघायला मिळाला तेवढाच. पुढे दोन्ही काठांवरून विलो आणि आल्डर एकमेकांच्या गळ्यात पडलेले, मधल्या फटींत जंगली गुलाब, आणि कुठे चुकून मोकळी जागा राहिली असेल तर तिथे लोकस्टची काटेरी झाडं. पाण्याचा फक्त आवाज येत होता.

"आता गुडघ्यांवर," आजोबा म्हणाले.

कारण असं की ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. वाहत येणारं खाणं त्याला आयतं तोंडात हवं असतं. म्हणून त्याच्या पाठीमागून, ओढ्याच्या उलट दिशेने वर चढायचं. आपली सावली पाण्यावर पडली की तो पळाला, पाय जोरात आपटला की पळाला. तेव्हा रांगायचं. पंच्याहत्तरीचे आजोबा माझ्यापुढे सरसर रांगत होते आणि मी मागून, रॉडचं टोक प्रत्येक फांदीला दाखवत. मध्येच थांबून त्यांनी सहज सांगितलं की या भागात रॅटलस्नेक असतात. रांगताना आपलं तोंड आणि सापाचं तोंड बरोब्बर एका पातळीवर येतं, हा विचार त्यांना कधी सुचलेला दिसला नाही.

व्हिडिओत लोक दोरी डोक्यावरून मागेपुढे झुलवत कशी देखणी फेकतात! इथे मागे नेलेली दोरी पुढे येतच नाही, ती विलोची होते. विलोची सुटली की आल्डरची. मी पाण्यात टाकलेल्या माश्यांपेक्षा झाडांवर चढवलेल्या जास्त भरल्या असत्या. आजोबांकडे यावरही तोड होती. माशी गरीच्या बाकापाशी चिमटीत धरायची, मागे ताणायची, रॉड कमानीसारखा वाकला की समोरच्या फटीतून नेम धरून सोडायची. सोडली. माशी गेली नाही, माझ्या अंगठ्यात बसली. उलटा काटा नसण्याचा नियम माशांच्या भल्यासाठी आहे असा समज होता, तो तिथे दूर झाला.

"पुढच्या वेळी छोटी करवत आणतो," मी अंगठा चोखत म्हणालो.

आजोबा रांगता रांगता वळले. मी देवळात चपला घालून शिरल्यावर आजीने बघितलं असतं तसं बघितलं त्यांनी. ही झुडपं आहेत म्हणून सावली आहे, सावली आहे म्हणून पाणी गार आहे, आणि वरून मुंग्या-नाकतोडे टपकतात म्हणून माशाचं पोट भरतं. जिथे गुरांनी आणि एल्क नावाच्या थोराड हरणांनी विलो ओरबाडून खाल्ले, तिथे काठ ढासळले, ओढा पसरट झाला, पाणी तापलं, मासा संपला. हे सगळं त्यांनी मला गुडघाभर चिखलात, कुजबुजत्या आवाजात सुनावलं. करवतीचा विषय तिथेच मिटला.

या माशाचे हाल नुसत्या गुरांनी नाही केले. लोकांनी भरमसाट धरला, वर हौसेने बाहेरचे ट्राउट आणून सोडले. युरोपातल्या ब्राउनने याला गिळलं आणि रेनबोने तर सोयरीकच जुळवली, त्यामुळे अस्सल वाण सापडेना. आधी जागे झाले अपाची लोक. १९५० च्या दशकात जमातीने आपले ओढे मासेमारीला बंद केले. सरकारने १९६७ साली त्याला धोक्यातल्या जातींच्या यादीत घातलं. शास्त्रीय नाव मात्र मिळालं १९७२ साली. पुढे ओढ्यांवर बांध घातले, खालच्या पाहुण्यांना उडी मारून वर येता येऊ नये म्हणून, आणि बांधाच्या वर फक्त घरचा माणूस ठेवला. २०२४ साली तो यादीतून बाहेर आला. सावरला म्हणून त्या यादीतून सुटलेला हा पहिलाच ट्राउट. एवढी माणसं पन्नास-साठ वर्षं राबली, तेव्हा कुठे मला त्याच्यापर्यंत रांगत जाण्याची संधी मिळाली.

दुपारी ढग चढले. इथल्या पावसालाही मान्सूनच म्हणतात, पण हा तासाभरात येतो, विजा पाडतो आणि जातो. माझ्या हातात ग्राफाइटचा रॉड, वीज खुशाल वाहून नेणारा. "आता निघू," असं मी म्हणत असतानाच माशी एका मुळाखालच्या खळग्यात आपोआप पडली आणि पाणी फुटलं.

वीतभर असेल. आजोबांनी आधी माझे हात ओले करायला लावले. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. पिवळंधमक अंग, त्यावर ठळक काळे ठिपके, आणि बुबुळाच्या पुढे-मागे एकेक काळा डाग, त्यामुळे डोळ्यातून आडवी रेघ गेलेली. पाण्यातून पुरता वर न काढता त्याला धरला. "हसा," म्हणत आजोबांनी झुडपाच्या पलीकडून फोटो काढला आणि मासा गेला. वीज कडाडली तसे आम्हीही गेलो, या वेळी दोन पायांवर.

रात्री देवगडला फोन लावला.

"केवढो होतो?" आई.

"वीतभर."

"मगे तळलंस काय सार केलंस?"

"सोडला. सोडायचाच असतो इथे."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"चार तास गाडी चलवलंस, काट्यांत लोळलंस, आणि सोडलंस?"

"अगं, दुर्मीळ आहे तो. थांब, फोटो पाठवतो."

फोटो गेला. दोन निळ्या टिका आल्या. आईने चष्मा बदलला असावा.

"ह्येच्यात मासो खंय आसा? माका तुझो कान दिसता आणि नुसती झाडां दिसतत."