व्यवस्थापन शिकताय? मग शास्त्राच्या नादी लागू नका

व्यवस्थापनशास्त्र शिकायचं ठरवलंत, फार छान केलंत. बी.ई. होऊन दोन वर्षं आयटीत दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधून कंटाळला असाल, किंवा बी.कॉम. झाल्यावर 'मग, आता पुढे काय?' विचारणाऱ्या काकांना गप्प करायचं असेल. कारण काहीही चालतं. मुंबई विद्यापीठात शिकलात तर त्याला एमएमएस म्हणतील, पुण्यात एमबीए. फी भरताना फरक कळत नाही. दोन वर्षांत तुम्ही नक्की पार पडाल, फक्त एक पथ्य पाळा. या अभ्यासक्रमात जिथे जिथे खरोखरचं शास्त्र दिसेल, तिथून पायाचा आवाज न करता निघून जायचं.

सीईटीपासूनच बघू. २०० प्रश्न, १५० मिनिटं, प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय आणि चुकलं तर मार्क कापत नाहीत. म्हणजे प्रश्नामागे ४५ सेकंद. शेवटची दोन मिनिटं उरली आणि ४० प्रश्न उघडूनही पाहिलेले नसले, तर सगळीकडे तिसरा पर्याय ठोकून मोकळे व्हा. सरासरीने आठ मार्क पदरात पडतात. संभाव्यतेचा एवढा एकच हिशेब तुम्ही पुढच्या दोन वर्षांत स्वतःच्या फायद्यासाठी करणार आहात, तेव्हा मन लावून करा. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, म्हणजे किती टक्के मुलं तुमच्या मागे राहिली ते. ९१ पर्सेंटाइल म्हणजे ९१ टक्के असं घरच्यांना वाटत असेल तर वाटू द्यावं. गैरसमज कुणाच्या बाजूने झुकलाय एवढं आधी पाहायचं, दुरुस्तीचं नंतर बघता येतं.

पहिल्या सेमिस्टरला 'शास्त्रीय व्यवस्थापना'चे जनक टेलरसाहेब भेटतील. १९११ साली त्यांनी आपली तत्त्वं पुस्तकात मांडली, ती तेवढी क्रमाने लिहायची आणि खाली रेघ ओढायची. टेलरने बेथलहेम स्टील या अमेरिकन पोलाद कंपनीच्या आवारात काय केलं याच्या खोलात जाऊ नका. तिथला मजूर दिवसाला साडेबारा टन लोखंडाच्या लगडी वाहत होता. टेलरने घड्याळ लावून, कधी उचलायचं नि कधी बसायचं ते सांगून साडेसत्तेचाळीस टन वाहून घेतल्या. रोजंदारी १.१५ डॉलर होती ती १.८५ केली. काम पावणेचारपट, मजुरी साठेक टक्क्यांनी वर. या भागाकाराला उत्तरपत्रिकेत मार्क नाहीत. आणि टेलरला नावं ठेवायची आपली टाप तरी कुठे? त्याने निदान साठ टक्के तरी वाढवले. समर इंटर्नशिपला तुम्हाला सर्टिफिकेट मिळणार आहे.

मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेल्या माणसाच्या गरजांचा त्रिकोण मात्र पट्टी घेऊन नीट काढा. १९४३ च्या मूळ लेखात त्रिकोण नाहीच, तो मागाहून दुसऱ्यांनी काढला, ही माहिती पेपर तपासणाऱ्यांना देण्यात काही हशील नाही. आकृतीला दोन मार्क असतात. धंद्यातली स्पर्धा ठरवणाऱ्या पोर्टरच्या पाच शक्तींचंही तसंच. त्या पाठ करा. पोर्टर ज्या मॉनिटर नावाच्या सल्लागार कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, तिने २०१२ साली दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा पाचांतली नेमकी कुठली शक्ती आडवी आली, असलं काही वर्गात विचारायचं नाही. सर चांगले असतात, उगाच त्यांना अडचणीत आणू नये.

आता खरा धोका. ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे ओआर, म्हणजे गणित करून निर्णय घ्यायचं शास्त्र. हा विषय असा मधेच का ठेवलाय कोण जाणे, कारण यात लोकांनी खरंच काहीतरी शोधून काढलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, तेव्हा ब्लॅकेट हा पदार्थवैज्ञानिक आणि त्याचे सहकारी आकडेमोड करून सांगत होते की तांडे लहान ठेवू नका, मोठे करा, त्या मानाने कमी जहाजं बुडतील. तसंच झालं. १९४७ मध्ये डॅन्टझिग या गणितज्ञाने, आहे त्या साधनांत सगळ्यात फायद्याचा पर्याय शोधणारी सिम्प्लेक्स पद्धत काढली. हे वाचताना अंगावर काटा आला तर पुस्तक मिटून थोडं फिरून या.

सगळ्यात जपायचं ते रांगांच्या सिद्धान्ताला. एर्लांग नावाचा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी काम करत होता, १९०९ साली त्याने या विषयावरचा पहिला निबंध लिहिला. आज त्याचं सगळ्यात साधं रूप तुम्हाला शिकवतात: एक खिडकी, माणसं वेळीअवेळी येणार, एकेकाला लागणारा वेळही कमीजास्त. खिडकीतला माणूस निम्मा वेळ कामात असेल तर तिथे सरासरी एकच जण सापडतो. नव्वद टक्के वेळ कामात असेल तर नऊ. पंच्याण्णव टक्के झाला की एकोणीस. काम पाचच टक्के वाढलं आणि गर्दी दुपटीवर गेली, हे गणित इतकं सुंदर आहे की ते सोडवून झाल्यावर माणूस थेट परीक्षेचा फॉर्म द्यायला जातो.

तो फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याची प्रिंट काढून ऑफिसात हातात नेऊन द्यायची असते. खिडक्या तीन आहेत. दोघींवर काचेच्या आतून पुठ्ठा लावलाय. तुमच्यापुढे चाळीस जण. अशा वेळी एर्लांग आठवणारच, पण तोंड उघडू नका. दुसरी खिडकी उघडली तर रांग निम्मी नव्हे, त्याहून किती तरी कमी होईल, हे मागच्या मुलीला सांगितलंत तर ती कानात इअरफोन घालेल, आणि खिडकीतल्या काकांना सांगितलंत तर ते तुमचा फोटो अटेस्टेड नाही असं सांगतील. काकांना कमी समजू नका. रांग शून्यावर आणायची त्यांची स्वतःची पद्धत आहे: तीन वाजता खिडकी बंद.

ओआरमधलाच दुसरा प्रकार म्हणजे असाइनमेंट प्रॉब्लेम. चार कामगार, चार कामं, कुणाला कुठलं दिलं की एकूण खर्च सर्वांत कमी येईल? त्यासाठी कून या गणितज्ञाने १९५५ साली हंगेरियन पद्धत मांडली. ओळीतला लहान आकडा वजा करा, मग स्तंभातला, मग शून्यांवरून रेघा. परीक्षेत ती लिहा. प्रत्यक्षात मात्र ग्रुप प्रोजेक्ट नावाची देशी पद्धत फार पुढे गेलेली आहे. पाच जण, पाच कामं, आणि सगळी कामं त्या एका मुलीला जिचा लॅपटॉप चालतो. बाकीच्या चौघांचा खर्च शून्य. तुम्ही ती मुलगी असाल तर शेवटच्या स्लाइडवर पाचही नावं घाला, फाँट सारखा ठेवा. याला टीमवर्क म्हणतात, आणि पुढे अप्रेझलच्या वेळी ते पुन्हा भेटेल.

मधल्या काळात तुमच्यावर केस स्टडी येतील. त्यात डबेवाले येणारच. हार्वर्डने २०१० साली त्यांच्यावर केस लिहिली, आणि चर्चगेटला लोकलने जाऊन जे दुपारी साडेबाराला फुकट दिसतं ते आपण एसी वर्गात इंग्रजीतून वाचतो. शोभेल असंच वाचा. १८९० पासूनची परंपरा, कोरोनापूर्वी पाचेक हजार माणसं, झाकणावरच्या रंगीत खुणा, वगैरे. मग 'सिक्स सिग्मा' म्हणून टाळ्या घ्या. म्हणजे दहा लाखांत ३.४ चुका, हे बिरुद डबेवाल्यांनी कधी मागितलेलं नव्हतं, ते त्यांना बाहेरून चिकटवलं गेलं, पण स्लाइडवर छान दिसतं. काही गोष्टी मात्र स्लाइडवर घेऊ नका. तिथे सगळे भागीदार आहेत आणि पगारी नोकर कुणी नाही. गट सांभाळणारा मुकादम स्वतःही डबे उचलतो. एचआरच्या पेपरातल्या मोटिव्हेशनच्या सात थिअऱ्या यात कुठे बसवायच्या ते सरांनाही सापडत नाही. डबेवाले बहुतेक मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव, खेड इकडचे. त्यांच्यापैकी एखाद्याचा मुलगा तुमच्याच वर्गात मागे बसलेला असू शकतो. त्याला काही विचारू नका, केसमध्ये नसलेलं सांगून बसेल.

मग उन्हाळ्यातला प्रोजेक्ट. विषयाच्या नावात 'विथ स्पेशल रेफरन्स टू पुणे सिटी' हवंच, त्याशिवाय गाइड सही करत नाहीत. दोन महिने तुम्ही डीमॅट खाती उघडाल. पहिल्या आठवड्यात आई, बाबा, दोन्ही मावश्या. दुसऱ्या आठवड्यात सोसायटी. तिसऱ्या आठवड्यापासून लोक तुमचा फोन उचलत नाहीत, त्याला मार्केट सॅच्युरेशन म्हणायचं. संशोधनासाठी गूगल फॉर्म करा आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. शंभर जणांनी भरला की सँपल साइज १००, पद्धत 'कन्व्हीनिअन्स सँपलिंग'. इतकं प्रामाणिक नाव संशोधनात दुसरं नाही. पाय चार्ट बारा. निष्कर्ष: बहुसंख्य ग्राहक समाधानी आहेत. शिफारस: कंपनीने जाहिरातीवर भर द्यावा. बाइंडिंगवाल्याकडे सर्टिफिकेटचे, आभाराचे, सगळे नमुने असतात आणि गेल्या वर्षीचा एखादा रिपोर्टही असतो. त्यातलं नाव बदलताना प्रत्येक पानाच्या डोक्यावरची ओळ विसरू नका. व्हायव्हाला परीक्षक बाकी काही वाचत नाहीत, पण ती ओळ वाचतात.

शेवटी प्लेसमेंट. पहिल्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्समध्ये सरासरी आणि मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) यांतला फरक शिकवतात. ५९ जणांना चार लाख आणि एकाला चाळीस लाख मिळाले तर सरासरी ४ लाख ६० हजार, मध्यक चारच. हे शिकवणारी संस्था स्वतःच्या फलकावर दोन्ही लिहीत नाही, चाळीस लिहिते, आणि शेजारी त्या मुलाचा टाय घातलेला फोटो. त्याला ती नोकरी आधीच्या पाच वर्षांच्या अनुभवावर मिळाली, हे चौकातल्या फलकावर मावत नाही.

तुम्हाला मिळालेला आकडा सीटीसी असेल, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. त्यात कंपनीने भरायचा पीएफ असतो, 'व्हेरिएबल' म्हणून जो पगार बहुधा व्हेरीच एबल नसतो तो असतो, आणि ग्रॅच्युइटीही असते, जिच्यासाठी साधारण पाच वर्षं टिकावं लागतं. तुमचा दीड वर्षात उडी मारायचा बेत आहे, पण बेरजेत ती राहू द्या. घरमालकाला इन-हँड, म्हणजे हातात पडतो तो आकडा सांगा, म्हणजे भाडं वाढवणार नाही. काकांना सीटीसी सांगा. लग्नाच्या बायोडेटातही सीटीसीच लिहा, काळजी नको. समोरची पार्टी एमबीए असेल तर ती आपणहून ०.६ ने गुणून घेते, आणि तिच्या बायोडेटातला आकडा वाचताना तुम्हीही तेच करणार आहात.