मदुरा फूट: 'पाय कापावाच लागतो' हे खरं नाही

सध्या एक मेसेज फिरतोय, पायाला गाठ येऊन त्यातून पू आणि काळे दाणे आले की तो मदुरा फूट, औषध नाही, पाय कापणे हाच इलाज, आणि घरातल्यांनाही लागण होते. प्लीज पुढे पाठवू नका, घाबरून पेशंट डॉक्टरकडे जायचंच टाळतात.

मदुरा फूटचं डॉक्टरी नाव मायसेटोमा. काटा वगैरे टोचून मातीतले जंतू आत जातात, माणसाकडून माणसाला होत नाही. मुख्य म्हणजे हा दोन प्रकारचा असतो, बुरशीचा आणि बॅक्टेरियाचा, आणि औषधं पूर्ण वेगळी. बॅक्टेरियाचा असेल तर को-ट्रायमॉक्साझोल, अमिकासिन अशा अँटिबायोटिक्सनी बहुतेकदा बरा होतो, बुरशीचा चिवट, त्याला इट्राकोनाझोल कित्येक महिने, बऱ्याचदा वर्षभर, आणि सोबत सर्जरी. पाय कापणं अगदी शेवटी, हाड फार खराब झालं तरच. काळे दाणे बहुधा बुरशीचे, पण पांढरे-पिवळे दोन्हीत येतात, म्हणून नुसतं बघून औषध सुरू करू नका.

वरच्या पुवाचा स्वॉब पुरत नाही हो, खोलवरची बायोप्सी (आतल्या मांसाचा तुकडा काढून तपासणं) लागते, आणि तिचा एक तुकडा मायक्रोस्कोपखाली बघायला फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारं रसायन) तर दुसरा कल्चरसाठी (जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायला) साध्या सलाइनमध्ये जायला हवा, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. सॅम्पल देतानाच हे विचारून घ्या.